सर्वात कमी दराची निविदा खरंच स्वस्त असते का? बाबनिहाय तपासणीची पद्धत

निविदा उघडल्या, चार ठेकेदारांपैकी एकाचा आकडा सर्वात खाली आला, टिपणी वर गेली, कार्यारंभ आदेश निघाला. बहुतेक सरकारी कामांत दरांची तपासणी एवढ्यावर आटोपते. एका सरकारी बांधकाम कार्यालयाच्या निविदा शाखेत मी सतरा वर्षे काढली. आजही सरपंच, नगरसेवक आणि नव्याने लागलेले कनिष्ठ अभियंते विचारायला आले की मी पहिली गोष्ट हीच सांगतो: शेवटची बेरीज हाताने झाका आणि एकेक बाब वाचा. लबाडी दडलेली असते ती बाबीच्या दरात आणि त्या दरासमोर लिहिलेल्या परिमाणात, म्हणजे काम किती घनमीटर किंवा किती टन या आकड्यात.

खाली दिलेली पद्धत रस्ता, गटार, शाळाखोली, पाण्याची टाकी अशा कोणत्याही कामाला चालते. इंजिनिअर असण्याची गरज नाही. गुणाकार-भागाकार आणि एक निवांत दुपार पुरते.

आधी कागद हातात घ्या

महाराष्ट्रातल्या बहुतेक ई-निविदा महाटेंडर संकेतस्थळावर असतात. आर्थिक लिफाफा (निविदेतला दरांचा भाग) उघडल्यावर तिथे निविदेच्या निकालाच्या भागात कोण पात्र ठरले, कोणी किती दर भरला आणि अनेकदा बाबनिहाय तुलनात्मक तक्ताही दिसतो. तो उतरवून ठेवा. त्याशिवाय चार कागद लागतात: मंजूर अंदाजपत्रक, त्यामागचे दरपृथक्करण (प्रत्येक दर कसा काढला त्याची फोड), लीड तक्ता (म्हणजे खाणीपासून, वाळूच्या ठिकाणापासून कामापर्यंतची अंतरे) आणि निविदेतले परिशिष्ट ब, ज्यात बाबी व परिमाणे असतात.

हे कागद मागून मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून आढेवेढे न घेता लिहा: "अमुक कामाचे तांत्रिक मान्यतेसह मंजूर अंदाजपत्रक, दरपृथक्करण, लीड तक्ता व सर्व निविदाधारकांचा बाबनिहाय तुलनात्मक तक्ता यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात." उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. "संपूर्ण फाइल द्या" असा अर्ज करू नका. अशा अर्जाला गठ्ठाभर पत्रव्यवहार येतो आणि लीड तक्ता नेमका त्यात नसतो.

फॉर्म बी-१ आहे की बी-२, ते बघा

यावर पुढची सगळी तपासणी ठरते. बी-१ ही टक्केवारी दराची निविदा. बाबींचे दर खात्यानेच छापलेले असतात, ठेकेदार फक्त "इतके टक्के बिलो" (अंदाजपत्रकापेक्षा कमी) किंवा "इतके टक्के अबव्ह" (जास्त) भरतो. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार स्वतः लिहितो.

बी-१ मध्ये ठेकेदाराला एका बाबीचा दर फुगवून दुसरीचा पाडता येत नाही. म्हणून अनेकांना वाटते की तिथे तपासण्यासारखे काही नाही. पण तिथे घोळ असलाच तर तो आधीच, म्हणजे अंदाजपत्रकात, झालेला असतो. अंदाजपत्रकच वीस टक्के फुगलेले असेल तर "आठ टक्के बिलो" हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवायला चांगला, तिजोरीच्या मात्र काही उपयोगाचा नाही. बी-२ मध्ये अंदाजपत्रकही तपासायचे आणि ठेकेदाराचे दरही.

अंदाजपत्रक: लीडपासून सुरुवात करा

दरसूचीतले, म्हणजे खात्याच्या ठरलेल्या दरांच्या यादीतले, मूळ दर सर्वांना सारखे असतात, त्यात फेरफार करणे अवघड. फेरफार होतो तो लीडमध्ये. मुरूम, खडी, वाळू किती लांबून आणायची यावर वाहतुकीचा खर्च ठरतो आणि तो दरात मिळवला जातो.

माझ्या ओळखीच्या एका गावात जोडरस्त्याच्या अंदाजपत्रकात मुरमाचे लीड २२ किलोमीटर धरले होते. गावातल्या पोरांनी मला बोलावले. आम्ही मोटारसायकलच्या मीटरवरचा आकडा कागदावर टिपला आणि प्रत्यक्ष जिथून ट्रॅक्टर भरून येत होते त्या खाणीपर्यंत गेलो. अंतर भरले ६ किलोमीटर. वाहतुकीतला फरक प्रति घनमीटर दीडशे रुपयांच्या आसपास आणि मुरूम १,२०० घनमीटर, म्हणजे एकाच बाबीत साधारण १,८०,००० रुपये. आणि हा रस्ता "सहा टक्के बिलो" गेला म्हणून सगळे खूश होते.

एक काळजी घ्या. जवळच्या खाणीला परवाना आहे का, तिथला मुरूम कामाच्या प्रतीचा आहे का, हे विचारल्याशिवाय आरोप करू नका. कधीकधी लांबच्या खाणीचे कारण खरे असते, पण मग ते अंदाजपत्रकात लिहिलेले असायला हवे.

लीडनंतर दोन गोष्टी भराभर बघा. पहिली, दरसूची कोणत्या वर्षाची आणि कोणत्या विभागाची वापरली. दुसरी, जीएसटी दरात धरलेला आहे की वेगळा. एकाने जीएसटीसह आणि दुसऱ्याने जीएसटीविना भरलेले आकडे शेजारी ठेवून तुलना केल्याचे मी स्वतः पाहिले आहे, आणि ती टिपणी तीन टेबलांवरून सही होऊन आली होती.

आता खरा तक्ता मांडा

बी-२ निविदेसाठी एक कोरा कागद किंवा एक्सेल घ्या. डावीकडे बाब, मग परिमाण, अंदाजपत्रकीय दर आणि प्रत्येक ठेकेदाराचा दर. समजावण्यासाठी मी एका गटाराच्या कामाचे कल्पित आकडे घेतो.

| बाब | परिमाण | अंदाजपत्रकीय दर (रु.) | ठेकेदार अ (रु.) | ठेकेदार ब (रु.) |
|---|---|---|---|---|
| माती-मुरमातील खोदकाम | २,००० घ.मी. | २०० | १९२ | १८० |
| कठीण खडकातील खोदकाम | १०० घ.मी. | ९०० | ८६४ | २,७०० |
| साधे काँक्रीट | २०० घ.मी. | ६,००० | ५,७६० | ५,४०० |
| आरसीसी | १५० घ.मी. | ९,००० | ८,६४० | ८,४०० |
| लोखंड | १२ टन | ८०,००० | ७६,८०० | ६८,००० |
| एकूण | | ४०,००,००० | ३८,४०,००० | ३७,८६,००० |

ब हा एल-१ (सर्वात कमी एकूण रकमेचा ठेकेदार), अ पेक्षा ५४,००० रुपयांनी स्वस्त. काम ब ला.

आता एकूण झाका आणि दर वाचा. अ ने सगळीकडे सरळ चार टक्के कमी केले आहेत. ब ने चार बाबी पाडल्या आणि कठीण खडकाचा दर अंदाजाच्या तिप्पट लावला. एवढी मोठी उडी दिसली की एकच प्रश्न विचारायचा: या बाबीचे परिमाण वाढले तर काय होईल?

समजा खोदताना खडक १०० ऐवजी ५०० घनमीटर लागला आणि माती २,००० ऐवजी १,६०० घनमीटर राहिली. बाकी सारे तसेच. त्याच दरांनी पुन्हा बेरीज करा. अ चे बिल ४१,०८,८०० रुपये होते. ब चे होते ४७,९४,०००. कागदावर ५४ हजारांनी स्वस्त असलेला ठेकेदार जमिनीवर ६,८५,२०० रुपयांनी महाग पडला.

पुढचे गणित मी प्रत्येकाला स्वतः करायला लावतो. किती खडक वाढला की एल-१ बदलतो? एक घनमीटर माती कमी होऊन खडक वाढला तर ब चे बिल २,५२० रुपयांनी वाढते (२,७०० उणे १८०) आणि अ चे ६७२ रुपयांनी (८६४ उणे १९२). फरक १,८४८ रुपये. ५४,००० ला १,८४८ ने भागा, उत्तर येते २९ च्या थोडे वर. म्हणजे अंदाजापेक्षा फक्त ३० घनमीटर जास्त खडक निघाला तरी अ स्वस्त ठरतो. गटाराच्या लांब चरात ३० घनमीटर म्हणजे काहीच नाही. जमिनीखालच्या थराचा अंदाज एवढा अचूक कोणाचाच नसतो.

हा पलटीचा आकडा टिपणीत लिहून दाखवला की चर्चेचा सूर बदलतो. "दर जास्त वाटतो" हे मत झाले. "तीस घनमीटरनंतर हा देकार महाग पडतो" हा हिशोब आहे आणि त्याला हिशोबानेच उत्तर द्यावे लागते.

ब ने हे मुद्दाम केले का? तेवढ्यावरून ठरवता येत नाही. कदाचित त्याच्याकडे ब्रेकर मशीन नसेल, भाड्याने आणावे लागणार असेल. पण ज्याने जागा नीट पाहिली, किंवा ज्याला कार्यालयातून कोणी सांगितले की तिथे खडकच आहे, तोही अगदी असेच दर भरेल. म्हणून माणसाच्या हेतूचा शोध बाजूला ठेवा आणि परिमाण खरे आहे का, याचा शोध घ्या. चाचणी खड्डे घेतले होते का? शेजारच्या गल्लीत पाइपलाइन टाकताना किती खडक लागला होता? हे गावातल्या मिस्त्रीलाही माहीत असते.

कलम ३८ वाचा

महाराष्ट्रात या आजारावर एक जुने औषध निविदेच्या अटींतच आहे. बी-१ फॉर्ममध्ये ते कलम ३८ म्हणून ओळखले जाते: एखाद्या बाबीचे परिमाण निविदेतल्यापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढले तर वरच्या परिमाणाला निविदेचा दर न देता दरसूचीवरून काढलेला दर द्यायचा. तुम्ही तपासत असलेल्या निविदेत अशी अट आहे का, आणि ती शब्दशः कशी आहे, ते शोधा.

आपल्या उदाहरणात ही अट लावली तर ब ला २,७०० चा दर १२५ घनमीटरपर्यंतच मिळेल. उरलेल्या ३७५ घनमीटरला दरसूचीप्रमाणे नऊशेच्या आसपास. मग अ आणि ब यांची बिले जवळजवळ बरोबरीत येतात. सहा-सात लाखांचे नुकसान एका परिच्छेदाने वाचते. म्हणूनच ही अट गाळलेली निविदा दिसली, किंवा काम अर्ध्यावर असताना "सुधारित अंदाजपत्रका"त वाढीव परिमाण जुन्याच दराने मंजूर करून घेण्याची धडपड दिसली, तर तिथे थांबून कारण विचारा.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागात असामान्य जास्त आणि असामान्य कमी दराच्या बाबी निविदा मंजूर करतानाच वेगळ्या काढून ठेवतात आणि त्यांच्या परिमाणांवर काम संपेपर्यंत लक्ष ठेवतात. ग्रामपंचायतीनेही एवढे करायला हरकत नाही. पाच बाबींची यादी भिंतीवर लावायची.

आधी घेऊन मोकळे होणारे दर

याच कुटुंबातला दुसरा प्रकार. एकूण रक्कम ठीक, परिमाणेही ठीक, पण सुरुवातीला होणाऱ्या बाबींचे दर चढे आणि शेवटच्या बाबींचे पडेल. खोदकाम, पाया, जोते यांना भरपूर; गिलावा, रंग, दारे-खिडक्या, विजेची कामे यांना अगदी थोडे. ठेकेदाराला पहिल्या दोन चालू बिलांत (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलांत) नफा मिळून जातो आणि उरलेले काम तोट्याचे राहते. जोत्यापर्यंत येऊन वर्षानुवर्षे पडून राहिलेली शाळाखोली तुम्ही पाहिली असेल, तर तिच्या निविदेतले दर एकदा या नजरेने बघा.

तपासायला सोपे आहे. कामाच्या क्रमाने बाबी लावा आणि निम्म्या कामापर्यंत अंदाजपत्रकाप्रमाणे किती टक्के पैसे जायला हवेत व या ठेकेदाराच्या दराने किती जातील, एवढे दोन आकडे काढा. पहिला ४५ आणि दुसरा ६५ असेल, तर निम्म्यावर काम सोडणे त्याला परवडते.

फारच कमी दर आला तर

वीस-पंचवीस टक्के बिलो गेलेल्या निविदेवर पूर्वी आम्ही खूश व्हायचो. नंतर त्याच रस्त्यांवर खड्डे बुजवत फिरलो. दर परवडण्यासारखा आहे का हे साहित्यावरून पडताळा.

साध्या १:२:४ काँक्रीटच्या एका घनमीटरला साधारण सव्वासहा ते साडेसहा पोती सिमेंट लागते. पोते ३५० रुपयांना धरले तर नुसते सिमेंटच सुमारे २,२०० रुपयांचे. वर खडी, वाळू, मिक्सर, मजुरी, पाणी मारणे. अशा काँक्रीटला कोणी ३,००० रुपये दर भरला असेल तर काही ना काही कमी पडणार हे नक्की, आणि बहुतेक वेळा ते सिमेंटच असते. लोखंडाचेही तसेच. सळईचे वजन प्रति मीटर काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र साइटवरच्या प्रत्येकाला पाठ असते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो. दुकानातल्या घाऊक भावापेक्षा खाली लोखंडाचा दर असेल तर ठेकेदाराला लेखी विचारा की माल कुठून येणार.

असामान्य कमी देकार आला की लगेच फेटाळायचा असे नाही. केंद्राच्या खरेदी नियमावलीतही आधी ठेकेदाराकडून दराची फोड आणि लेखी खुलासा घ्यायला सांगितले आहे. खुलासा पटला तर काम द्या. राज्यातल्या निविदांत जास्त बिलो गेल्यास अतिरिक्त सुरक्षा ठेव भरायची अट असते. ती ठेव कार्यारंभ आदेशाआधी खरंच जमा झाली का, आणि बँकेने तिची खातरजमा केली का, हे बघा.

एल-१ शी वाटाघाटी करून खडकाचा दर खाली आणू, असा उपाय काही जण सुचवतात. केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ च्या परिपत्रकात निविदेनंतरच्या वाटाघाटी अपवाद म्हणूनच आणि फक्त एल-१ शीच करायला सांगितले आहे. माझ्या मते परिमाण उघड चुकलेले असेल तर निविदा रद्द करून दुरुस्त परिमाणांनी पुन्हा बोलावणे अधिक स्वच्छ. दोन महिने जातात, पण वाद राहत नाही.

ठेकेदारांनी आपसात ठरवले असेल तर

याला आमच्याकडे रिंग म्हणतात. एकाने काम घ्यायचे, बाकीच्यांनी सपोर्टला निविदा भरायच्या. तक्त्यात काही खुणा दिसतात. हरलेल्यांचे दर जिंकलेल्याच्या दरांना प्रत्येक बाबीत एकाच गुणकाने वाढवलेले. बेरजेतली चूक किंवा शब्दाचे चुकीचे लेखन दोघांच्या कागदात तंतोतंत सारखे. अनामत रकमा एकाच बँक खात्यातून गेलेल्या. तालुक्यात तीच चार नावे आणि आळीपाळीने काम. हरलेला ठेकेदार पुढे त्याच कामावर पोटठेकेदार. एकाच वर्षाची दहा-बारा कामे एका ओळीत मांडली की या खुणा ठळक होतात. एका निविदेवरून क्वचितच कळते.

कायदा स्पष्ट आहे. स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३ खाली निविदांत संगनमत करणे बेकायदा आहे. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९ च्या एका निविदेत धान्यातली कीड मारणाऱ्या गोळ्यांसाठी तीन कंपन्यांनी अगदी एकच दर भरला होता, ३८८ रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये संगनमताचा निष्कर्ष कायम राहिला. आपल्या जवळचे उदाहरण पुणे महापालिकेचे. कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांबाबत नागरिक चेतना मंच या पुण्यातल्या नागरिकांच्या संस्थेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली आणि २०१८ मध्ये आयोगाने संगनमत मान्य करून दंड केला. हे साध्या नागरिकांनी करून दाखवले आहे, एवढे लक्षात असू द्या.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. गॅस सिलिंडर बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रकरणात २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय उलटवला, कारण मोजकेच खरेदीदार असलेल्या त्या बाजारात दर जवळजवळ सारखे येण्याला दुसरे पटणारे कारण होते. तालुक्यात एकच खाण आणि एकच डांबर प्लांट असेल तर दर सारखे येणारच. म्हणून एका खुणेवर कोणाला चोर ठरवू नका. तीन-चार खुणा एकत्र आल्या तरच तक्रारीचा कागद करा.

तक्रार लिहिताना विशेषणे टाळा. कामाचे नाव, निविदा क्रमांक, बाब, दर, परिमाण, पलटीचा आकडा आणि मागणी, हे सगळे एका पानात बसवा. दराच्या प्रश्नासाठी आधी कार्यकारी अभियंता, मग अधीक्षक अभियंता. संगनमतासाठी स्पर्धा आयोग. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तिथे तीन वर्षांच्या आत जावे लागते. लाच मागितली गेली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

काम सुरू झाले की खड्ड्याजवळ उभे राहा

निविदेत पेरलेला चढा दर पिकतो तो मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापे जिथे लिहितात त्या वहीत. आपल्या उदाहरणातला खडक चरात खरंच लागला का, हे चर भरल्यावर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून धोक्याच्या बाबी ज्या दिवशी होतात त्या दिवशी तिथे असायला हवे. खोदकाम सुरू होण्याआधी शाखा अभियंत्याला लेखी कळवा की खडक लागताच संयुक्त मोजमाप व्हावे. मोजणीची टेप चरात दिसेल असा फोटो घ्या आणि मागे ओळखता येईल असे घर किंवा विजेचा खांब येऊ द्या. साखळी क्रमांक (कामाच्या सुरुवातीपासूनचे अंतर), लांबी, रुंदी आणि खडकाची खोली त्याच दिवशी वहीत लिहा, शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या.

महिन्याने पहिल्या चालू बिलाची आणि मोजमाप पुस्तिकेच्या त्या पानांची प्रत मागा. माहिती अधिकारात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो वापरा. मग वहीतली खोली आणि पुस्तिकेतली खोली शेजारी ठेवा. त्या मुरमाच्या गावातल्या पोरांनी पुढच्या कामाला असेच केले. पुस्तिकेत खडकाची खोली दीड मीटर होती, त्यांच्या फोटोतल्या टेपवर साठ सेंटिमीटर. दुसऱ्या बिलात ते मोजमाप दुरुस्त होऊन आले.